वावावावाने मोजलेला तांबडा समुद्र

नाविक नकाशा गूगल मॅप्सच्या बरोबर उलटा असतो. गूगल मॅप्सवर रस्ते, दुकानं, चहाच्या टपऱ्या, सगळी गर्दी जमिनीवर आणि समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. नाविक नकाशात जमीन जवळपास कोरी असते. एखादा बुरूज, देवळाचं शिखर, एखादी टेकडी, म्हणजे समुद्रातून ओळखू येईल तेवढंच. गर्दी असते ती पाण्यात. बारीक बारीक आकडे, शेकड्यांनी. प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागची खोली.

जुन्या नकाशांवरचे हे आकडे माणसांनी हाताने मोजलेले आहेत आणि किनाऱ्याजवळचे बहुतेक सगळे होडीतून. कारण साधं आहे. जिथली खोली माहीत नाही तिथे मोठं जहाज नेणं म्हणजे ते खडकावर चढवण्याची तयारी. म्हणून सर्वेक्षणाचं जहाज भरवशाच्या पाण्यात नांगर टाकून थांबायचं आणि होड्या सकाळी बाहेर पडायच्या. जहाज म्हणजे तरंगतं घर, कोठार आणि ऑफिस. मोजणी होडीची.

याचं मुंबईशी थेट नातं असलेलं उदाहरण म्हणजे १८२९ ते १८३४ या काळातलं तांबड्या समुद्राचं सर्वेक्षण. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराने दोन जहाजं त्या कामावर पाठवली. ‘बनारस’वर कॅप्टन एल्वन, त्यांच्याकडे दक्षिण भाग. ‘पॅलिन्युरस’वर रॉबर्ट मोर्सबी, त्यांच्याकडे उत्तर भाग. (पॅलिन्युरस हा व्हर्जिलच्या महाकाव्यातला सुकाणूवाला. त्याला झोप लागते आणि तो समुद्रात पडतो. सर्वेक्षणाच्या जहाजाला हे नाव ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी मला आवडते.)

एवढी घाई कशाची होती? वाफेची. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. वाटेत कोळसा भरायला थांबत थांबत ३३ दिवस. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने येणाऱ्या टपालाला महिनोन् महिने लागत, त्या काळात ही उडी होती. पण तांबड्या समुद्रातली अरबी गलबतं किनाऱ्यालगतच्या प्रवाळांच्या आतून, दिवसाउजेडी चालायची आणि रात्री नांगर टाकायची. तिथल्या नाखव्यांना आपापला टापू पाठ होता. वेळापत्रक पाळायचं असलेल्या आगबोटीला रोज रात्री थांबून चालणार नव्हतं. तिला नाखव्याच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर हवं होतं.

आता होडीत बसू. हत्यारं मोजकी. तीन-चार किलोंचं शिशाचं वजन आणि त्याला बांधलेली दोरी. दोरीवर खुणा: दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. वेगवेगळं साहित्य मुद्दाम वापरायचे, म्हणजे अंधारात रंग दिसला नाही तरी हाताला, नाहीतर ओठांना, खूण कळावी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर. आपले कोळी खोली वावातच सांगत आले. इंग्रजी फॅदमचा मूळ अर्थही पसरलेले दोन हात असाच आहे. पुढे तो सहा फुटांवर पक्का झाला.

शिशाच्या बुडाला एक खळगा असतो आणि त्यात चरबी भरलेली असते. तळाला टेकलं की तिथली वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येतो. म्हणजे एका फेकीत दोन गोष्टी कळतात: खोली आणि तळाची जात. दुसरी गोष्ट नांगर टाकणाऱ्यासाठी पहिलीइतकीच महत्त्वाची, कारण नांगर चिखलात रुततो आणि सपाट खडकावरून घसरत जातो.

वल्हेकरी एका चालीत वल्हवतात. सुकाणूवाला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागे एक धरून होडी सरळ रेषेत ठेवतो. शिसं टाकणारा पुढे उभा राहून वजन होडीच्या पुढ्यात फेकतो. होडी त्या जागेवर येईपर्यंत वजन तळाशी गेलेलं असतं आणि दोरी उभी झालेली असते. नेमक्या त्या क्षणी आकडा ओरडायचा. क्षणभर उशीर झाला की दोरी तिरकी होते आणि खोली आहे त्यापेक्षा जास्त भरते. चुकीची ही बाजू घातक आहे, कारण उथळ पाणी कागदावर खोल होऊन बसतं.

पण हा आकडा कुठला? जीपीएस नाही. किनाऱ्यावरच्या तीन ओळखीच्या खुणा घ्यायच्या आणि त्यांच्यामधले दोन कोन सेक्स्टंटने एकाच वेळी मोजायचे. तीन खुणा, दोन कोन, आणि कागदावर होडीचा एकच बिंदू मिळतो. एक सापळा मात्र आहे. दहावीच्या भूमितीत एकाच कंसातले आंतरलिखित कोन सारखे असतात हे प्रमेय आपण घोकलेलं असतं. होडी जर तिन्ही खुणांमधून जाणाऱ्या वर्तुळावरच असेल, तर त्या वर्तुळावर ती कुठेही सरकली तरी कोन तेच येतात. उत्तर एक न राहता अख्खं वर्तुळ होतं. म्हणून खुणा निवडणं हे सर्वेक्षकाचं खरं कसब. मला हे प्रमेय दहावीत कुणी होडीत बसवून शिकवलं असतं तर!

आणि अजून एक माणूस लागतो, जो होडीत नसतोच. तो किनाऱ्यावर, पाण्यात रोवलेल्या आखणी केलेल्या काठीजवळ घड्याळ घेऊन बसतो आणि ठरावीक वेळाने पाणी किती चढलं-उतरलं ते लिहितो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी आठ मीटर मोजलेली जागा दुपारी तीन मीटर असू शकते. होडीतल्या प्रत्येक आकड्यासमोर वेळ लिहिलेली असते. संध्याकाळी जहाजावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून प्रत्येक आकडा खालच्या ओहोटीच्या पातळीवर आणायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले दोन सर्व्हरचे लॉग वेळेनुसार जुळवतो, तेच काम. दोन घड्याळं एकमेकांशी जुळत नसतील तर सगळं मुसळ केरात, हेही तेच. तांबड्या समुद्राच्या मध्यभागी रोजची भरती जवळपास नसतेच, पण वाऱ्यांमुळे उन्हाळ्यात पाणी हिवाळ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर खाली जातं. प्रवाळावरून जाताना अर्धा मीटर थोडा नाही.

शिसं आणि दोरीचं शहाणपण प्रवाळापुढे थिटं पडतं. वाळूचा किनारा हळूहळू उथळ होत जातो. वीस, पंधरा, दहा वाव, असा इशारा मिळतो. प्रवाळाचा खांब तळापासून भिंतीसारखा उभा येतो. तीस वावांची फेक घेऊन होडी थोडी पुढे गेली की खाली दोन वाव. तिथे उपयोगी पडतात डोळे. सूर्य पाठीशी आणि डोक्यावर असेल तर स्वच्छ पाण्यात प्रवाळ तपकिरी-हिरवा दिसतो. सूर्य समोर आला की पाण्याचा आरसा होतो आणि काही दिसत नाही. म्हणजे कुठल्या दिशेचं काम कुठल्या वेळी करायचं तेही सूर्य ठरवणार.

या आरमाराचे खलाशी बरेचसे कोकण आणि काठेवाडच्या किनाऱ्यावरचे. तांबड्या समुद्राच्या उन्हात दिवसभर वल्ही मारायची, रात्री दाटीवाटीत झोपायचं, पिण्याचं पाणी मोजून. नकाशाच्या कोपऱ्यात अधिकाऱ्यांची नावं छापली जातात. शिसं टाकणाऱ्याचं नाव नसतं. मोर्सबींना श्रेय द्यायलाच हवं. तांबड्या समुद्रानंतर त्यांनी मालदीवची मोजणी केली आणि त्यांनी दिलेली माहिती चार्ल्स डार्विनने १८४२ च्या प्रवाळांवरच्या पुस्तकात वापरली. त्याच वर्षी मोर्सबी पी अँड ओ कंपनीच्या ‘हिंदुस्तान’ या आगबोटीचे कप्तान म्हणून कलकत्त्याकडे निघाले. पण त्या आकड्यांची पहिली जबाबदारी ओरडणाऱ्या माणसाची होती. आळसाने एक फेक चुकवून अंदाजे आकडा सांगितला असता, तर त्या दिवशी कुणालाही कळलं नसतं. कळलं असतं पुढे कधीतरी, दुसऱ्याच कुणाच्या तरी जहाजाला.

आणि सगळ्यांनी प्रामाणिकपणे काम करूनही एक प्रश्न उरतोच. दोन आकड्यांच्या मधे काय आहे? शिसं तळाचा वाटीएवढा तुकडा शिवतं. शेजारच्या दोन फेकींमधलं अंतर म्हणजे निव्वळ गृहीतक. ७ ऑगस्ट १९९२ ला ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रचंड प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं. नकाशात तिथे ३९ फूट पाणी होतं. जहाजाला ३२ फुटांच्या आसपास पाणी लागायचं, शिवाय उथळ पाण्यात वेगाने जाणारं जहाज थोडं खाली बसतं. त्या भागाची मोजणी १९३९ ची होती. खडक नकाशावर नव्हता. जीव कुणाचा गेला नाही, पण जहाजाचं बूड फाटलं.

आज ध्वनिलहरींचा पट्टा तळावर टाकून सलग मोजणी करता येते. तरीही जगातल्या समुद्रतळाचा साधारण पाव भागच आधुनिक पद्धतीने मोजून झाला आहे, आणि जुन्या दोरीचे आकडे कित्येक नकाशांवर अजून नांदत आहेत. पडद्यावर ते नव्या आकड्यांसारख्याच सुबक टायपात दिसतात, हा मला यातला सगळ्यात फसवा भाग वाटतो. इलेक्ट्रॉनिक नकाशात मोजणीची प्रत सांगणारी वेगळी खूण असते. ती उघडून पाहावी लागते.

होड्या मात्र गेल्या नाहीत. भारतीय नौदलाचं २०२४ साली दाखल झालेलं ‘संधायक’ सुमारे ११० मीटर लांब आहे आणि तेही मोजणीच्या मोटरबोटी घेऊन फिरतं, कारण उथळ पाणी मोठ्या जहाजासाठी आजही उथळच आहे. आणि दिवसातली नाजूक वेळही तीच राहिली आहे: होडी जहाजावरून खाली सोडण्याची आणि वर घेण्याची. जहाज वाऱ्याला आडवं उभं राहून आडोशाच्या बाजूला थोडं शांत पाणी तयार करतं. होडी दोन टोकांना टांगलेली असते. लाटेच्या माथ्यावर ती टेकली की दोन्ही आकडे एकदमच सुटले पाहिजेत. एक सुटला आणि एक अडकला, तर लाट खाली जाताच होडी एका टोकावर लटकते आणि आतली माणसं पाण्यात. म्हणून पुढे बांधलेला दोर ताणून धरायचा, हात होडीच्या काठाबाहेर ठेवायचे नाहीत, आणि हुकूम एकानेच द्यायचा.