चुंबकीय अब्जांश कणांद्वारे विकरांचे शुद्धीकरण व अचलीकरण

चुंबकीय अब्जांश कणांद्वारे विकरांचे शुद्धीकरण व अचलीकरण ही जैवतंत्रज्ञानातील एक पद्धत आहे. हिच्यात विकर (एंझाइम) अतिसूक्ष्म चुंबकीय कणांच्या पृष्ठभागावर बांधले जातात आणि बाहेरून चुंबक लावून द्रावणातून वेगळे काढले जातात. विक्रिया घडवून आणताना विकर स्वतः खर्च होत नाही. परंतु तो विरघळलेला असल्यास उत्पादितातच मिसळून राहतो व वाया जातो. घन आधारावर बांधलेला विकर मात्र पुनःपुन्हा वापरता येतो.

इतिहास

१९१६ मध्ये नेल्सन व ग्रिफिन यांनी कोळशावर शोषला गेलेला इन्व्हर्टेज विकर क्रियाशील राहतो, असे दाखवले. १९६९ मध्ये जपानमध्ये इचिरो चिबाता व सहकाऱ्यांनी अचल अमिनोअ‍ॅसिलेजचा औद्योगिक वापर सुरू केला. चुंबकीय आधारांवरील विकरांविषयी रॉबिन्सन, डनिल व लिली यांचे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

कणांची निर्मिती व गुणधर्म

या कामासाठी प्रामुख्याने मॅग्नेटाइट हे लोहाचे ऑक्साइड वापरतात. फेरस व फेरिक क्षार १:२ या प्रमाणात घेऊन अमोनियासारख्या अल्कलीने त्यांचे सहअवक्षेपण केले जाते. सु. २० नॅनोमीटरपेक्षा लहान कण अतिसमचुंबकीय असतात. म्हणजे चुंबक दूर करताच त्यांचे चुंबकत्व नाहीसे होते व ते पुन्हा द्रावणात पसरू शकतात. १० नॅनोमीटर व्यासाच्या १ ग्रॅम कणांचे एकूण पृष्ठफळ सु. ११५ चौ. मी. भरते. त्यामुळे थोड्या कणांवर पुष्कळ विकर बसतो.

शुद्धीकरण

जनुकीय अभियांत्रिकीने विकराच्या टोकाला सहा हिस्टिडीनांची साखळी जोडता येते. निकेल आयन धारण करणारे कण पेशींच्या अर्कात मिसळल्यास ही साखळी निकेलला चिकटते. चुंबकाने कण भांड्याच्या कडेला ओढून उरलेला अर्क ओतून टाकतात, कण धुतात व इमिडाझोलच्या द्रावणाने शुद्ध विकर सोडवून घेतात. गढूळ अर्कातही ही क्रिया करता येते.

अचलीकरण

कणांवर सिलिकाचे आवरण देऊन त्यावर अमिनो गट बसवतात. ग्लुटाराल्डिहाइडच्या रेणूचे एक टोक या गटाशी व दुसरे विकराच्या अमिनो गटाशी सहसंयुजी बंधाने जोडले जाते. जैवडिझेलसाठी लायपेज, तर प्रथिनांच्या विश्लेषणासाठी ट्रिप्सिन अशा प्रकारे वापरण्यात आले आहेत.

मर्यादा

बंध विकराच्या क्रियास्थळाजवळ तयार झाल्यास त्याची क्रियाशीलता घटते. केवळ शोषणाने चिकटलेला विकर हळूहळू सुटतो. अनावृत मॅग्नेटाइटचे हवेत ऑक्सिडीकरण होते व तीव्र अम्लात ते विरघळते. कण जितका लहान तितके त्यावरील चुंबकीय बल कमी असल्याने मोठ्या प्रमाणावरील विलगीकरणास तीव्र उताराची चुंबकीय क्षेत्रे लागतात. म्हणून आधार व विकर जोडण्याचा खर्च पुनर्वापरातून भरून निघतो की नाही, यावर पद्धतीची औद्योगिक उपयुक्तता अवलंबून असते.