23 नोव्हेंबर 1994: कुणीतरी येऊन बोलेल म्हणून

कोराडीहून मानकापूर, सदर करत झिरो माईलला आलं की गोवारींचं स्मारक लागतं. पुढे सीताबर्डीचा उड्डाणपूल त्यांच्याच नावाचा आहे. 114 माणसं मेली, एवढं नागपुरात सगळ्यांना ठाऊक असतं. पण चेंगराचेंगरी काही मिनिटांची होती आणि तिच्याआधी अख्खा दिवस गेला होता. त्या दिवसात राज्य चालवणाऱ्यांपैकी कुणीही त्या गर्दीसमोर उभं राहून बोललं नाही. माझ्या लेखी खरी घटना ती आहे.

साडेनऊ वर्षं आधी

अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. विदर्भातले गोवारी म्हणत, ते आम्हीच. 24 एप्रिल 1985 च्या शासन निर्णयाने ती वाट अडवली: गोवारी वेगळे, गोंड गोवारी वेगळे. आखरावर गावाची गुरं गोळा करून रानात नेणारा हा समाज. दिवाळीत गायगोधनाला अख्खं गाव त्यांच्या मागे नाचतं. सवलतीच्या दाराशी मात्र ते उभेच राहिले.

सकाळ

बुधवार. दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळकडून हाच दर्जा मागायला मोर्चासाठी माणसं येत होती आणि बायका लेकरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. नागपूरच्या मोर्चाला लेकरं घेऊन येणारा माणूस भांडायला येत नाही, आपलं कुणी ऐकून घेईल या भरवशावर येतो.

दुपार

मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवला. इथेच अडवतात, त्यात नवल नव्हतं. रिवाज असा की शिष्टमंडळ आत जातं किंवा मंत्री बाहेर येतो, निवेदन घेतो, दोन शब्द बोलतो आणि गर्दी गावाकडे वळते. त्या दोन शब्दांनी प्रश्न सुटत नाही, पण मोर्चा सुटतो. पोलीस आणि माणसं यांच्यामधली जागा त्या शब्दांनी भरलेली असते.

इथे 40-50 हजार माणसं आणि समोर लोखंडी कठडे. कुणी आलं नाही. मुख्यमंत्री शरद पवार त्या दिवशी आपण मुंबईत होतो असं पुढे सांगत आले. मग बाकीचं मंत्रिमंडळ? विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

दिवस कलताना

वाट पाहणं चालूच. इथे क्षणभर दूर अमेरिकेत जातो, कारण सत्ताधारी अशा वेळी का बोलत नाहीत हे तिथे आकड्यांत दिसतं. जुलै 2009 मध्ये केंब्रिजच्या पोलिसांनी हार्वर्डचे कृष्णवर्णीय प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना त्यांच्याच घरी अटक केली. 22 जुलैला राष्ट्राध्यक्ष ओबामा म्हणाले, पोलीस मूर्खासारखे वागले. प्यू संस्थेच्या पाहणीत 41 टक्के लोकांनी त्यांची ही हाताळणी नापसंत केली, 29 टक्क्यांनी पसंत केली. गोऱ्या अमेरिकनांमधली त्यांची पसंती त्याच दिवसांत 53 वरून 46 वर आली. आरोप मागे घेतले गेले होते, कुणाचा जीव गेला नव्हता, तरी एका वाक्याची एवढी किंमत पडली. संख्येने थोड्या असलेल्यांच्या बाजूने पोलिसांबद्दल बोलणं महाग पडतं, आणि न बोलणं तूर्त फुकट असतं.

गोवारी थोडे होते.

5.30

नोव्हेंबरअखेरीस नागपुरात या सुमारास सूर्य मावळतो. उपाशी लेकरं आणि परतीचे लांब रस्ते. अशात लाल दिव्याची एक गाडी दिसली, मंत्री आले असं वाटून गर्दी पुढे सरकली, असं त्या दिवशीचे लोक सांगतात. पुढे सरकणाऱ्या गर्दीवर लाठ्या पडल्या. मागचे पुढे येत होते, पुढचे मागे पळत होते, मध्ये कठडे. जे पडले ते उठले नाहीत. 114 मृत्यू, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. जखमी शेकड्यांनी.

ज्या क्षणी कुणीतरी बोलायला आलंय असं वाटलं, त्याच क्षणी ही माणसं मेली. हे मला आजही सहन होत नाही.

त्यानंतर

आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्या. दाणी आयोग बसला आणि त्याने सरकारला वा पोलिसांना दोषी धरलं नाही.

पावणेचार महिन्यांनी

1990 ला 141 जागा जिंकणारी काँग्रेस 1995 ला 80 वर आली. 14 मार्चला शिवसेना-भाजप युतीच्या मनोहर जोशींनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मुंबईची दंगल, बाँबस्फोट, भ्रष्टाचाराचे आरोप, पक्षातले बंडखोर: कारणं पुष्कळ होती, सगळं गोवारींच्या खात्यावर टाकणं खोटं ठरेल. पण दिवसभर वाट पाहायला लावणारं सरकार ही विदर्भाच्या गावागावांत पोहोचलेली गोष्ट होती, आणि ती पोहोचवायला कुणा नेत्याच्या भाषणाची गरज पडली नव्हती.

नव्या सरकारनेही धडा घेतला नाही. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मेले. गोळीबाराच्या समर्थनार्थ सरकारपक्षाकडून टँकर पेटवला जाण्याच्या धोक्याची गोष्ट पुढे आली. गुंडेवार आयोगाने ती मानली नाही. 1998 च्या लोकसभेत युती राज्यात 33 वरून 10 जागांवर आली आणि विदर्भातल्या 11 पैकी एकही तिला मिळाली नाही.

अजून

1 सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठ्या पडल्या. तीन दिवसांनी गृहमंत्री फडणवीसांनी जाहीर क्षमा मागितली. मागितली हे चांगलंच केलं. त्याच आठवड्यात सत्ताधाऱ्यांनी पवारांना गोवारींची आठवण करून दिली आणि पवारांनी पिचडांच्या राजीनाम्याची. 114 मृतांचा उपयोग एकमेकांना गप्प करायला झाला.

गोवारींची मागणी? उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 14 ऑगस्ट 2018 ला ती मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2020 ला तो निकाल फिरवला. मधल्या काळात प्रवेश आणि नोकऱ्या मिळालेल्यांना तेवढं संरक्षण मिळालं. बाकीच्यांना विशेष मागास प्रवर्गातले 2 टक्के आहेत, तेही इतर जातींसोबत वाटून घ्यायचे. 2024 च्या फेब्रुवारीत गोवारी पुन्हा नागपुरात, संविधान चौकात उतरले होते.