गिटारवर कोरलेले नाव

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या लबक गावी १९५६ च्या सुमारास एका विशीतल्या मुलाने आपल्या गिटारसाठी स्वतःच्या हाताने चामड्याचे आवरण तयार केले. गिटार गिब्सन कंपनीची, जे-४५ या नमुन्याची. मुलाचे नाव बडी हॉली. आवरणावर त्याने आपले नाव कोरले, ‘टेक्सास’ हा शब्द कोरला, आणि त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवरील दोन्ही गाण्यांची नावेही: ‘ब्लू डेज, ब्लॅक नाइट्स’ आणि ‘लव्ह मी’. चामड्यावरील नक्षीकाम हा त्याचा छंद होता.

आपल्याकडे तंबोऱ्याला गवसणी असते. ती कापडाची, आणि मैफल सुरू होण्यापूर्वी उतरते. हॉलीचे आवरण मात्र वादन चालू असतानाही गिटारच्या अंगावरच राही. ध्वनीच्या हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार. अकूस्टिक गिटारचा नाद लाकडाच्या पातळ फळीच्या कंपनातून उमटतो; तिच्यावर चामडे चढवले की कंपन दबते. मग हा खटाटोप कशासाठी? पट्ट्याच्या बकलाने लाकडावर ओरखडे उठू नयेत, हे एक साधे कारण. खरे कारण डोळ्यांचे होते. गायकाचा गळा मायक्रोफोन सांभाळत होता, गिटारकडे मुख्यतः ताल उरला होता, आणि प्रेक्षक आता गायकाला ऐकण्याइतकेच पाहतही होते. एल्व्हिस प्रेस्लीच्या त्या काळातील छायाचित्रांतही त्याची मार्टिन गिटार अशाच कोरीव चामड्यात दिसते.

ही कला गिटारसाठी जन्मलेली नव्हती. ती घोड्याच्या खोगिरावरची. स्पेनमधून मेक्सिकोत आणि तेथून टेक्सासच्या गुराख्यांकडे ती आली. झाडांच्या सालींतील द्रव्याने कमावलेले चामडे ओलसर करायचे, फुलापानांची रेषा सुरीने कापायची, कडेचा भाग ठोकून दाबायचा, म्हणजे फूल वर उठून दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर फोर्ट वर्थ येथील टँडी कंपनी हौशी लोकांना चामडे व हत्यारे विकू लागली आणि खोगीर घडवणाऱ्यांची विद्या घरोघरच्या मुलांच्या हाती आली. गोऱ्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने चामडे कापण्यात तेथे कोणालाही कमीपणा वाटत नव्हता.

नेमका हाच मुद्दा महाराष्ट्रात उलटा होतो. सालींनी चामडे कमावणे येथेही जुनेच. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल व हिरड्यावर कमावले जाते. जालना परिसरात पोळ्याला बैलांच्या गळ्यात चामडी पट्ट्यावर ओवलेली घुंगुरमाळ दिसते. आपल्या संगीतात तर चामडे शोभेचे नसून प्रत्यक्ष नादाचे आहे. पखवाज, ढोलकी, संबळ, हलगी, दिमडी: कातडे काढून घेतले तर वाद्यच उरत नाही. पण चामडे कमावणे हे ढोर समाजाचे आणि शिवणे हे चांभारांचे जन्माने ठरलेले काम. छंद म्हणून ते निवडण्याची सोय कोणालाच नव्हती. मांगाची हलगी गावाच्या प्रत्येक मिरवणुकीपुढे वाजे, वाजवणारा मात्र वेशीबाहेर राही. पखवाजावर थाप पडताच कीर्तनात माना डोलत, आणि त्याचे कातडे कमावणाऱ्याचा स्पर्श विटाळ मानला जाई. आपले नाव त्या चामड्यावर कोरण्याची कल्पना तरी त्याला कशी सुचावी? १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. मेलेली जनावरे ओढण्यास नकार देणे हा पुढे चळवळीचाच भाग झाला. ज्या कामातून टेक्सासच्या मुलाने आपले नाव मिरवले, तेच काम टाकून देण्यात येथे स्वाभिमान होता.

३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान अपघातात हॉली गेला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्या अखेरच्या दौऱ्यात त्याच्यासोबत बास वाजवणाऱ्या वेलन जेनिंग्जने पुढे काळ्या चामड्यावर पांढरी फुले असलेली इलेक्ट्रिक गिटार प्रसिद्ध केली. तिचे अंग भरीव असल्याने चामड्याने नाद दबण्याचा प्रश्नच नव्हता. हॉलीची जे-४५ १९९० मध्ये लिलावात निघाली. ती घेतली अभिनेता गॅरी ब्यूसी याने, ज्याने १९७८ च्या चित्रपटात हॉलीची भूमिका केली होती. किंमत दोन लाख डॉलरांच्या वर गेली, आणि गिटारवर ते घरगुती आवरण तसेच होते.