पित्त की पित्ताशय?

बारामती असो की इंदापूर, गटाच्या बैठकीत एखादी तरी म्हणतेच, "रात्रभर पित्तानं झोप नाही." सोडा पिऊन ती सकाळी पुन्हा कामाला जाते. पण दर वेळी ते साधं पित्त नसतं. यकृताखाली पित्ताची छोटी पिशवी असते, ती पित्ताशय. तिच्या तोंडाशी खडा अडकला की ती सुजते.

पूर्वी डॉक्टर नुसते खडे काढत आणि पिशवी तशीच ठेवत. खडे पुन्हा होत. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पिशवीच काढली. पुढे अमेरिकेतल्या जॉन मर्फी यांनी खूण सांगितली: उजव्या बरगडीखाली बोटं दाबायची, रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावायचा. दुखून श्वास मध्येच थांबला, तर पित्ताशयाला सूज असण्याची शक्यता. डॉक्टर आजही असंच तपासतात, मग सोनोग्राफी करतात.

तरी पोटावर मोठा छेद, महिनाभर विश्रांती. बाया घाबरून दुखणं लपवायच्या. मग ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. छेद लहान झाले, बाई लवकर घरी येऊ लागली.

तेव्हा उजवीकडे बरगडीखाली तासन्‌तास दुखतंय, कळ पाठीत किंवा खांद्यात जातेय, सोबत ताप, उलट्या किंवा डोळे पिवळे, तर सोडा नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकटीला जमत नसेल, तर गटातली एक जण सोबत जा.