घड्याळातला एक ठोका

गाडीत खिडकीशी बसलो की माझा हात आपोआप घड्याळाकडे जातो. रुळांकडेच्या किलोमीटरच्या दोन दगडांमधले सेकंद मोजायचे आणि 3600 ला त्यांनी भागायचे. 36 सेकंद लागले, तर वेग ताशी 100 किलोमीटर. कर्जतच्या पुढे एकदा माझा आकडा 150 आला! शेजारचे काका हसले. विजेच्या तारांचा मधलाच एक खांब मी दगड समजलो होतो.

अशा हिशेबावरून इंग्लंडमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. 9 मे 1904 रोजी प्लिमथला बोटीने आलेली अमेरिकेची टपाल घेऊन एक खास गाडी लंडनकडे निघाली. ब्रिस्टलपर्यंत तिला 'सिटी ऑफ ट्रुरो' हे वाफेचे इंजिन होते. डब्यात चार्ल्स राउस-मार्टेन घड्याळ घेऊन बसले होते. न्यूझीलंडमध्ये पत्रकारिता केलेला हा गृहस्थ गाड्यांच्या वेळा टिपण्यात मुरलेला होता. वेलिंग्टनच्या उतारावर पाव मैल 8.8 सेकंदांत गेला, अशी त्यांची नोंद आहे. म्हणजे ताशी 102.3 मैल.

आता गंमत पाहा. त्यांचे घड्याळ सेकंदाचा पाचवा भाग दाखवणारे. 8.8 ऐवजी 9 धरले, तर वेग बरोबर 100 मैल, 9.2 धरले, तर 98 च्याही खाली. सारा विक्रम घड्याळाच्या एकदोन ठोक्यांवर आणि धावत्या डब्यातून पाव मैलाचा खांब नेमका दिसण्यावर!

बरे, हा आकडा लगेच छापायचीही सोय नव्हती. प्रवासी घाबरतील म्हणून रेल्वे कंपनीला तो नको होता. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. 1906 मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीची, प्लिमथहूनच निघालेली गाडी सॉल्झबरीच्या वळणावर भरधाव उलटली आणि 28 माणसे गेली. राउस-मार्टेन यांनी आपला आकडा इंजिनाच्या नावासह उघड केला तो 1907 मध्ये. पुढच्याच वर्षी ते वारले.

पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या. काहींना त्या पटल्या, काहींना नाही. शंभर मैलांचा निर्विवाद मान मिळाला तो 1934 मध्ये 'फ्लाइंग स्कॉट्समन'ला, कारण तिच्यामागे वेग नोंदवणाऱ्या यंत्रांचा डबाच जोडला होता. माझे मत विचाराल, तर राउस-मार्टेन खोटे लिहिणाऱ्यातले नव्हते. पण एखादा खांब त्यांचाही चुकला असेल.