मृत्यू जनुकांत लिहिलेला असतो का? : प्लेगच्या जीवाणूची कहाणी

१/१४
इ. स. १३४८ च्या अखेरीस लंडनमध्ये प्लेग शिरला. मृतांसाठी जागा अपुरी पडू लागली, तेव्हा टॉवर ऑफ लंडनजवळ ईस्ट स्मिथफील्ड येथे खास या साथीतील मृतांसाठी दफनभूमी आखण्यात आली. साडेसहाशेहून अधिक वर्षांनी तेथील दातांनी एका जुन्या वादाचे उत्तर दिले. त्या वादाचा धागा मुंबईतून जातो. #थ्रेड

२/१४
१८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन यांनी प्लेगचा जीवाणू शोधला. आज तो ‘यर्सिनिया पेस्टिस’ म्हणून ओळखला जातो. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

३/१४
१० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपल्याला परिचित आहे. त्याच काळाचा आणखी एक वारसा मात्र फारसा चर्चिला जात नाही : प्लेगचा तपास करणाऱ्या आयोगांनी उंदीर, पिसवा, घरे आणि मृत्यू यांच्या ठेवलेल्या तपशीलवार नोंदी.

४/१४
पुढे युरोपीय इतिहासकारांनी या नोंदी चौदाव्या शतकाशी ताडून पाहिल्या आणि ते बुचकळ्यात पडले. मुंबईचा प्लेग उंदरांच्या मागोमाग सावकाश सरके. १३४८ ची साथ मात्र काही वर्षांत जवळजवळ अवघा युरोप व्यापून गेली. १९८४ मध्ये ग्रॅहम ट्विग यांनी ती अँथ्रॅक्सची असावी असे सुचवले. २००२ मध्ये सॅम्युएल कोन यांनी तो रोग प्लेग नव्हताच, असा युक्तिवाद केला.

५/१४
कागदपत्रांवर हा वाद मिटणे कठीण होते. उत्तर दातांत सापडले. दाताच्या आतील पोकळीत रक्तवाहिन्या असतात. जीवाणू रक्तात पसरून माणूस दगावला, तर त्यांच्या डीएनएचे तुकडे तेथे शतकानुशतके टिकू शकतात. २०११ मध्ये कर्स्टन बॉस, योहानेस क्राउझे, हेंड्रिक पॉइनार व सहकाऱ्यांनी ईस्ट स्मिथफील्डच्या दातांतून त्या जीवाणूचा जनुकसंच जुळवला. तो यर्सिनिया पेस्टिसच होता.

६/१४
आता दुसरा प्रश्न उभा राहिला. हा जनुकसंच सुमारे ४६ लाख अक्षरांचा असतो. ती अक्षरे वाचून, जीवाणू किती घातक आहे हे सांगता येईल का? काही प्रमाणात येते. त्यासाठी त्याची तुलना त्याच्या जवळच्या, पण बऱ्याच सौम्य नातलगाशी करावी लागते. यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस नावाचा हा जीवाणू सहसा पोटाच्या विकारावर थांबतो. दोघांत फरक कोठे पडतो?

७/१४
पहिला फरक ‘पीएलए’ या जनुकात आहे. ते एका छोट्या, स्वतंत्र डीएनए-वर्तुळावर बसलेले असते. त्यापासून बनणारे प्रथिन रक्ताच्या गुठळ्या विरघळवते आणि जीवाणूला शरीरात वाट मोकळी करून देते. हे जनुक काढून टाकले, तर उंदरांवरील प्रयोगांत फुप्फुसाच्या प्लेगचा जोर ओसरतो.

८/१४
दुसरे जनुक ‘वायएमटी’. याच्यामुळे जीवाणू पिसवेच्या आतड्यात तग धरतो. २०१५ मध्ये कांस्ययुगातील माणसांच्या दातांतून प्लेगचे जनुकसंच मिळाले. त्यांपैकी सर्वांत जुने सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीचे होते. बहुतेकांत हे जनुक नव्हतेच. प्लेग होता, पण पिसवेवर स्वार होण्याची कला त्याने अजून पुरती साधलेली नव्हती.

९/१४
तिसरी गोष्ट अधिक विस्मयकारक आहे. घातकपणा काही गमावल्यानेही येतो. पूर्वज जीवाणूत युरिएज नावाचे विकर बनते आणि ते पिसवेला विषारी ठरते. प्लेगच्या जीवाणूत त्याचे एक जनुक निकामी झाले आहे. त्यामुळे वाहन मरत नाही आणि प्रवास चालू राहतो.

१०/१४
मग १३४८ च्या जीवाणूत असे काय भयंकर होते? संशोधकांनी अक्षर अन् अक्षर तपासले. त्या साथीची भीषणता ज्यावर ढकलता येईल, असा एकही खास बदल हाती लागला नाही. आजच्या प्लेगच्या जीवाणूंशी त्याचे विलक्षण साम्य होते. तेव्हा कारणे जीवाणूबाहेरही शोधणे भाग होते : माणसांची प्रकृती, वाहक प्राणी, हवामान, वस्ती.

११/१४
उलट बाजूचे उदाहरण २००९ चे आहे. शिकागोतील एक संशोधक प्लेगच्या दुर्बल केलेल्या वाणावर काम करत होते. शरीरातून लोह मिळवण्याची जनुके त्या वाणात नव्हती, म्हणून तो निरुपद्रवी समजला जाई. तरीही त्याच्याच संसर्गाने ते दगावले. मृत्यूनंतर कळले, की शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार त्यांना होता. जीवाणूची उणीव बहुधा त्यांच्याच रक्ताने भरून काढली.

१२/१४
आज संगणक अनोळखी जीवाणूचा जनुकसंच ज्ञात घातक जनुकांच्या सूचींशी ताडतो आणि धोक्याचा अंदाज बांधतो. साथीच्या पहिल्या दिवसांत हे साधन अमोल आहे. पण ते माहीत असलेल्यावरून अनुमान करते. सूचीत नसलेले जनुक त्याच्या नजरेतून सुटू शकते आणि समोरचा रुग्ण कोण, हे त्याला ठाऊक नसते.

१३/१४
आता मुंबईकडे परत येऊ. त्याच जागतिक साथीतील प्लेग १९०० मध्ये ग्लासगोतही पोहोचला, पण थोड्याच रुग्णांवर आटोपला. इथे मात्र बंदरालगतची धान्याची कोठारे होती, कोंदट चाळींत दाटलेले कामगार होते आणि घराघरांत शिरून माणसे ओढून नेणारी सत्ता होती. त्या सत्तेच्या भयाने लोक आजारी माणसे लपवीत. यांतील एकही गोष्ट ४६ लाख अक्षरांत लिहिलेली नाही.

१४/१४
जीवाणू काय करू शकतो, हे जनुके सांगतात. त्याला काय करू दिले गेले, हे इतिहास सांगतो. पुढच्या साथीत जनुकसंच काही तासांत वाचून होईल. वस्ती, भूक आणि राज्यकर्त्यांवरचा विश्वास यांचे वाचन मात्र साथ येण्याआधीच करावे लागेल. १८९६ च्या नोंदी त्यासाठीही उघडून पाहाव्यात.