अनुनादी बिनतारी वीजवहन
चुंबकीय अनुनादाने तारेविना वीज पोचवण्याचे तंत्र. साध्या प्रवर्तनात तारेची दोन वेटोळी जवळजवळ चिकटून असावी लागतात. ती एकाच कंप्रतेला जुळवली की पल्ला वाढतो. मध्ये तिसरे जुळवलेले वेटोळे ठेवल्यास आणखी. २००७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने २ मीटरवरचा ६० वॉटचा दिवा पेटवला. कार्यक्षमता मात्र सुमारे ४० टक्केच. भारतात सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था व नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने विद्युत वाहनांसाठी १.५ किलोवॉटचा बिनतारी चार्जर घडवला. दिल्लीतील केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २०२५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान उद्योगाकडे सोपवले. त्यात वेटोळ्यांमधील अंतर १२.५ सेंमी., म्हणजे सुमारे अर्धी वीत, कार्यक्षमता ८९.४ टक्के. गाडीखाली तेवढा पल्ला पुरतो.